तुळशीचा मामा

बोरिवलीत थंडी पडते असं कोणी म्हटलं तर मी त्याच्या तोंडावर हसते. जानेवारीत दोन दिवस लोक कपाटातला स्वेटर काढतात, तोसुद्धा दाखवायला, आणि दुपारी काखेत मारून घरी येतात. अशा ठिकाणी बसून भीमराज साहेब थंडीत न मरणारा ऊस तयार करत होते. पहिल्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मनात म्हटलं, वनमाले, हा माणूस एकतर फार शिकलाय, नाहीतर याचा एखादा स्क्रू ढिला आहे.

आमच्या ह्यांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, म्हणून त्र्याऐंशी साली मी ऊस केंद्रावर रोजाने लागले. केंद्र म्हणजे बोरिवली पूर्वेला, जंगलाच्या कुंपणाला लागून दोन एकर जमीन आणि एक पत्र्याची शेड. साखर कारखान्यांच्या कुठल्याशा संघाने ती भाड्याने घेतली होती. साहेब, माणिक नावाचा वॉचमन आणि आम्ही चार बायका, एवढाच कारभार.

मला एक खोड आहे. विचारल्याशिवाय राहवत नाही. बाकीच्या बाया मुकाट्याने खुरपायच्या आणि मी साहेबांचं डोकं खायचे. थंडीचा ऊस करायचाय तर थंडीच्या गावात का नाही करत? साहेब चिडायचे नाहीत, उलट त्यांना बरं वाटायचं. म्हणाले, उसाला तुरा आल्याशिवाय त्याचं लग्न लावता येत नाही, आणि निफाडकडे तुरा धड येत नाही. इथल्या दमट हवेत येतो आणि भरतोही. म्हणून लग्न इथे लावायचं, नांदायला तिकडे पाठवायचं. हे मला पटलं. मुली अशाच तर मुंबईहून गावी जातात.

मग नवरा बघितला. शेडच्या मागे लोखंडी पिंपात एक गवत वाढवलं होतं. साहेबांनी ते हिमालयाच्या पायथ्याहून पोत्यात बांधून आणलेलं. त्याला काश म्हणतात. साहेब म्हणाले, हा उसाचा रानातला नातेवाईक. मी बघतच राहिले. बोटापेक्षा बारीक काडी, पानाची कड ब्लेडसारखी, आणि चावून बघितलं तर बांबू बरा. म्हटलं, साहेब, असले नातेवाईक आमच्याकडेही आहेत, पण आम्ही लग्नात बोलावत नाही. तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग सांगितलं की याच्यावर महिनाभर दहिवर गोठलं तरी हा मरत नाही, वसंतात परत फुटतो. गोड ऊस आई, काश बाप. पोरांत एखादं तरी असं निघेल की ज्याने आईचा गोडवा थोडा आणि बापाची हाडं पुरती घेतली असतील.

नोव्हेंबरात सकाळी लवकर आम्ही काशाचा तुरा उसाच्या तुऱ्यावर झटकायचो, वरून कापडाचा तंबू. बी निघालं ते धुळीएवढं, म्हातारीच्या कापसासारख्या तंतूत अडकलेलं. त्यातून तीनशेच्या आसपास रोपं झाली. प्रत्येक रोपाला पत्र्याचा डबा आणि तारेने बांधलेला नंबर. एकाच आईबापाची पोरं, पण एक जाड, एक लुकडं, एक जांभळं, एक आडवं लोळणारं. मी रोज सकाळी डब्यांमधून फिरायचे आणि कोण कोणावर गेलंय ते बघायचे. त्यात माझा तास कसा जायचा कळायचं नाही.

एकच कटकट होती. पलीकडच्या नाल्यात आपलं इथलं, साधं काश माजलेलं. ते मुळांनी सरकत सरकत आमच्या कडेच्या ओळीत घुसायचं. त्यासाठी मीच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. बारीक काडी आणि धारेचं पान दिसलं की विचारत बसायचं नाही, फावड्याने मुळासकट उपटायचं आणि जाळायचं. माणिकला तर मी हे दहा वेळा सांगितलं असेल. दहाही वेळा मान हलवून तो विसरला होता.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत साहेबांनी थंडी शोधून काढली. मढला नंदू कोळ्याचा बर्फाचा कारखाना होता, मासळीसाठी बर्फ करायचा. टेंपोत तीनशे डबे घालून आम्ही गेलो. नंदू कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याने विचारलं, उसाचा बर्फगोळा विकणार काय? साहेबांनी त्यालाही सगळं समजावलं. मग तोच पोरांना ओरडून बर्फाच्या लाद्या बाजूला करायला लागला. सकाळी आठपासून चार तास रोपं त्या खोलीत ठेवली. साहेब दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर बघायचे आणि मी दोन शाली गुंडाळून त्यांच्या मागे. मला आत जायची गरज नव्हती. पण थंडीने ऊस मरतो म्हणजे नक्की काय होतं, हे मला बघायचंच होतं.

तिथे काहीच दिसलं नाही. सगळी रोपं हिरवीगार बाहेर आली. तिसऱ्या दिवशी केंद्रावर बघते तर पानं उकडलेल्या अळूसारखी लोंबलेली. एकेक करून सगळी गेली. राहिलं एक, दोनशे बारा नंबरचं. पानांची टोकं तेवढी करपली होती, बाकी ताठ उभं. साहेब त्याच्यासमोर उकिडवे बसले.

ते रोप जमिनीत कुठे लावायचं हे मी ठरवलं. बाकी प्लॉटवर आंब्याची सावली यायची. कडेच्या ओळीच्या शेवटी, नळाजवळ, दिवसभर ऊन. शिवाय तिथे ते माझ्या नजरेसमोर राहिलं असतं. साहेब हो म्हणाले. शहाणपणा माझाच होता, म्हणून पुढचं पापही माझंच.

दिवाळीपर्यंत दोनशे बाराला तीन काड्या आल्या, माणसापेक्षा उंच पण अंगठ्याएवढ्या बारीक. साहेब मला पेरं मोजायला लावायचे. उसाच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो आणि तो मातीत ठेवला की त्यातून नवा ऊस येतो. तीन काड्यांवर मिळून छत्तीस डोळे होते. डिसेंबरात तोडायचं आणि छत्तीस झाडं करायची असं त्यांच्या डोक्यात होतं. त्याच आठवड्यात त्यांनी मला एक पत्र वाचून दाखवलं. संघाचे अध्यक्ष जानेवारीअखेर येणार होते. थंडीला टिकणारा एक तरी ऊस जिवंत दिसला तर ठीक, नाहीतर केंद्र बंद. बाकीच्यांना सांगू नका म्हणाले. मी सांगितलं नाही, पण रोज सकाळी आधी नळाजवळ जाऊन यायचे.

आणि मग तुळशीचं लग्न आलं.

कडेची ओळ ही नुसती वाऱ्या-गुरांपासून आडोसा म्हणून लावलेली असायची, साध्या उसाची. दरवर्षी तुळशीच्या लग्नाला आसपासचे लोक यायचे आणि आम्ही त्यातले ऊस द्यायचो. साहेब बौद्ध. त्यांच्या घरी तुळशीचं लग्न नाही, ती तिथी त्यांच्या डोक्यात असायचं कारण नाही. ती माझ्या डोक्यात असायला हवी होती. मी त्या दिवशी घाटकोपरला बहिणीकडे गेले होते, तिच्या तुळशीची तयारी करायला. संध्याकाळी केंद्रावर परतले तर नळाजवळ खड्डा.

माणिक हसतच समोर आला. म्हणाला, बाई, नाल्यातलं काश पार नळापर्यंत आलं होतं, मुळासकट खणून टाकलं. तुम्हीच सांगितलं होतं ना. आयुष्यात एकदा या माणसाने माझं ऐकलं आणि ते त्या दिवशी. मुळं विचारली, तर पाल्याबरोबर जाळली. नंबरचा पत्रा मातीत पडला होता, तो मी उचलला. साहेब शेडमधून आले, खड्डा बघितला आणि खाली बसले. माणिकला विचारलं, काड्या कुठे आहेत.

काड्या द्रौपदीकडे. काजूपाड्यातल्या चाळीत राहणारी, मालवणकडची. तिचा नवरा आमच्या ह्यांच्याच गिरणीत होता. ती उशिरा आली, चांगले ऊस संपले होते, म्हणून माणिकने या तीन काड्या दिल्या. साहेब लगेच उठले. चालताना म्हणाले, डोळे जिवंत असले तर काही गेलेलं नाही. ऊस कापला म्हणजे मेला असं नसतं. पण तुळशीचं लग्न लागलं की पोरं ऊस फस्त करतात हे मला माहीत होतं. मी जवळजवळ धावत होते.

पोचलो तर अंतरपाट धरलेला. गोडेतेलाच्या डब्यातली तुळस, तिला हिरवी बांगडी, काजळ, आणि वर आमच्या तीन काड्यांचा मांडव, शेंडे एकत्र बांधलेले. मंगलाष्टकं चालू असताना मांडव कसा सोडवणार? उंबऱ्याशी अक्षता मुठीत धरून उभी राहिले आणि प्रत्येक सावधानला माझा जीव खालीवर. त्या भटजींइतकं सावकाश मंगलाष्टक म्हणणारा माणूस मी परत बघितला नाही. साहेब बाहेर कठड्याला टेकून उभे होते. द्रौपदीची मुलगी कुंदा, वीसेक वर्षांची, तिने त्यांनाही अक्षता नेऊन दिल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि हातातच धरून ठेवल्या.

शेवटचा सावधान झाला आणि पोरं तुटून पडली. मी ओरडेपर्यंत एकाने काडी ओढून कडाक्कन दातात धरली होती. आणि तसाच थुंकला. म्हणाला, शी, हा ऊस आहे की झाडू. दुसऱ्यानेही चावून टाकून दिली. बापावर गेली होती म्हणून वाचली. मी त्या पोराचा मुकाच घ्यायची बाकी होते.

आनंद दोन मिनिटं टिकला. साहेबांनी काडी उचलली, उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. द्रौपदीने काड्या बारीक आणि कुसळ्या म्हणून विळीवर तासून, पुसून लख्ख केल्या होत्या. मांडवाला चांगल्या दिसाव्यात म्हणून. पेरांवरचा प्रत्येक डोळा सपाट. ती बिचारी विचारत होती, काय चुकलं माझं. तिला काय सांगणार? साहेब काडी फिरवत फिरवत शेंड्यापाशी आले. तिथली पानं तिने मांडवाच्या शोभेसाठी ठेवली होती. त्यांनी पान हळूच सोललं. आत एक डोळा होता, तांदळाएवढा, अंगाला चिकटलेला.

तीन शेंड्यांत मिळून पाच डोळे निघाले.

मी पदरात घेऊन निघाले तर द्रौपदीने दारात हात आडवा धरला. म्हणाली, आमच्या कोकणात ऊस हा तुळशीचा मामा. तो भाचीच्या मागे उभा राहतो, मग लग्न लागतं. लग्न लागलं आणि मामाला घराबाहेर काढलं तर बरं नाही, असं तिचं म्हणणं. तिला कुंदाची काळजी होती. कुंदाचं दोनदा जमून मोडलं होतं. मला राग आला, मी काहीतरी फाडकन बोलणार होते, तेवढ्यात साहेबांनी पाचातला एक डोळा उचलला आणि स्वतः त्या डब्यात, तुळशीपासून वीतभर दूर, बोटाने दाबला. मला तेव्हा वाटलं, हा माणूस वेडाच आहे. पाचांतला एक असा देऊन टाकतात?

उरलेल्या चार डोळ्यांची देखभाल मी केली. मी, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. ओल्या पोत्यात ठेवले, दिवसातून तीनदा पाणी घातलं, वर सावली केली. पाप फेडायचं होतं ना. तीन आठवड्यांनी साहेबांनी माती उकरली तर चारही कुजलेले. जास्त पाण्याने. साहेब म्हणाले, होतं असं, वनमालाबाई. मी नळाखाली तोंड धुतलं, म्हणजे रडले ते कोणाला दिसू नये.

त्याच संध्याकाळी कुंदा रस्त्यात भेटली आणि सहज म्हणाली, मावशी, आमचा मामा उगवला.

डब्यात बोटभर कोंब होता. द्रौपदी सकाळी अंघोळीनंतर तुळशीला एक तांब्या पाणी घालायची, एकच, तेवढंच त्याला पुरलं होतं. जानेवारी यायला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी साहेब आणि मी मागायला गेलो. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. द्रौपदीने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मुळं गुंतली असतील, खणताना तुळस सुकली तर? तुळस सुकली तर कुंदाचं काय? आणि थंडीत न मरणारा ऊस घेऊन कोणाचं भलं होणार, असंही तिने विचारलं. तो प्रश्न मला दोन वर्षांत सुचला नव्हता, आणि म्हणे मी चौकस.

साहेब चटईवर बसले होते. त्यांनी पुस्तकातलं काही सांगितलं नाही. म्हणाले, "माझी आई ऊसतोडीला जायची. एका वर्षी एका पहाटेत थंडीने ऊस करपला. दुपारपर्यंत सगळं रान काळं. तोडायलाच काही उरलं नाही. मुकादमाने सगळ्यांना घरी पाठवलं. तोडणाऱ्याला कोणी विचारत नाही, ऊस गेला तर तुझं काय गेलं. त्या साली आमची शेरडं गेली, भांडी गेली. मी सातवीत होतो. आईने माझी शाळा तेवढी जाऊ दिली नाही."

द्रौपदीने डब्यातली दोन वाळकी पानं उचलली. गिरणीचा भोंगा एका सकाळी वाजला नाही, ते तिलाही माहीत होतं. मग म्हणाली, "न्हेवा. पण तो मामा आसा. तुळशीक सांगान न्हेवा."

मी साहेबांकडे बघितलं. ते काय करतील मला कळेना, कारण देवाधर्माच्या गोष्टीत ते कधी पडत नसत. त्यांनी हात जोडले नाहीत. ते तुळशीसमोर उकिडवे बसले, दोनशे बारासमोर बसले होते तसेच, आणि घरातल्या मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलले. "घेऊन जातो. पुढच्या लग्नाला परत आणून देतो." मग चमच्याने माती काढायला लागले. त्याला दीड तास लागला. तुळशीचं एक मूळ तुटलं नाही.

अध्यक्ष आले, वीतभर रोप बघून हसले, पण बर्फखोलीचे आकडे वाचून म्हणाले, एक वर्ष देतो. त्या वर्षात एका रोपाचे आठ फुटवे झाले, त्यांच्या काड्यांचे साठावर डोळे. पाणी साहेबांनी घातलं, मला फक्त बघायची परवानगी होती. ऑक्टोबरात डोळे पोत्यात बांधून ते स्वतः निफाडला घेऊन गेले. एक काडी मात्र मागे ठेवली होती. तुळशीच्या लग्नाला ती पानांसकट द्रौपदीच्या दारात उभी केली. या वेळी कोणी तासली नाही.

पण त्याआधी मे महिन्यात कुंदाचं लग्न झालं. तुळस सुकली नव्हती, उलट फोफावली होती. द्रौपदीला भाऊ नव्हता, होता तो लहानपणीच गेला. मुलीला बोहल्यावर आणायला मामा लागतो. द्रौपदी केंद्रावर आली आणि साहेबांना म्हणाली, तुम्ही उभे राहा. साहेबांनी विचारलं, मी? चाळीत कुजबूज झालीच, नाही असं कसं म्हणू. कोण, कुठले, कुठल्या समाजाचे. द्रौपदीने एकदाच सांगितलं की ज्याला पटत नाही त्याने अक्षता टाकू नयेत. साहेब त्याच इस्त्रीच्या शर्टात कुंदाचा हात धरून आले आणि तिच्या मागे उभे राहिले. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी डोळे वर केले नाहीत.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत केंद्रावर माझ्या नावाने तार आली. तार म्हटलं की कोणीतरी गेल्याचीच. साहेब पंधरा दिवस निफाडला होते, पेपरात तिकडे पारा दोनवर उतरल्याचं छापून आलं होतं. मी ती हातात घेईना, शेवटी माणिकने फोडून दिली. आत तीन शब्द होते. मामा उभा आहे.

मी तशीच काजूपाड्याला पळाले. द्रौपदी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला धापा टाकताना बघून घाबरली. मी तार वाचून दाखवली. तिने सूप खाली ठेवलं.

"खंयचो मामा गो?"

मला एवढं हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. म्हटलं, दोघेही.